वस्ती चांगली आहे

चौतीस वर्षे सरकारी हिशेबांची तपासणी करण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाचा निवृत्तीनंतर या जगात दोनच गोष्टींवर विश्वास उरतो: एक सहीशिक्क्याचा कागद आणि दुसरी स्वतःची शंका. या दोन्ही गोष्टी माझ्याजवळ मुबलक असल्यामुळे कलकत्त्यात बसूनसुद्धा पुण्यातले घर आपण निर्धास्तपणे पारखून घेऊ शकू, असा माझा जो समज झाला होता, त्याची ही कैफियत आहे. आणि ती मी आजच लिहून टाकीत आहे, कारण उद्या शुक्रवार आहे आणि शुक्रवारी आमच्या घरात लेखनाला लागणारी स्वस्थता मिळत नाही. त्याचे कारण यथाक्रम येईल.

पुण्यातच घर कशाला, या भवानीपुरातल्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला सौभाग्यवतीने दिलेले उत्तर असे की म्हातारपणी माणसाला आपले दुखणे आपल्या भाषेत सांगता आले पाहिजे. त्यात तथ्य होते. पोटात कळ येणे, मुरडा येणे, ढवळणे आणि डचमळणे या ज्या चार स्वतंत्र आणि सार्वभौम अवस्था आहेत, त्या चारींसाठी मला बंगालीत उभ्या नोकरीत एकच शब्द वापरता आला, आणि तो उच्चारला की शेजारचे होमिओपाथ डाक्तारबाबू दर वेळी त्याच पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधून देत. या डाक्तारबाबूंना घराची बातमी समजली, तेव्हा त्यांनी किंमत विचारली नाही, खोल्या किती हे विचारले नाही, चष्मा कपाळावर चढवून एवढेच विचारले, “ओखाने जोल जोमे?” तिथे पाणी साचते का?

मी मोठ्याने हसलो. कलकत्त्याच्या माणसाला दुसरे सुचणार काय? ज्या शहरात आषाढातली एक सर पडली की ठनठनियाला माणसे जोडे हातात आणि धोतर गुडघ्यावर घेऊन घरी जातात, त्या शहरातला गृहस्थ घर पाहायला गेला काय आणि मुलीला स्थळ पाहायला गेला काय, प्रथम गल्लीचा उतार बघतो. मी त्यांना समजावून सांगितले की पुणे हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असलेल्या पठारावर वसलेले असून तिथे पाणी साचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. “ता होले तो भालोई,” असे म्हणून डाक्तारबाबूंनी चष्मा खाली घेतला, आणि मी त्या मुद्द्यापुढे माझ्या वहीत ‘निकाली’ असा शेरा मारला.

ही वही म्हणजे दोनशे पानांची, लाल पुठ्ठ्याची, कचेरीतल्या आक्षेपवहीच्या धर्तीवर आखलेली होती. डाव्या रकान्यात साक्षीदार, मधल्या रकान्यात जबानी, उजव्या रकान्यात माझा अभिप्राय. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या दहा दिवसांत मी निदान पंधरा जबान्या गोळा केल्या असतील. त्यांवरून माझ्या लक्षात आले की परगावी राहणारा पुणेकर ज्या साली पुणे सोडतो, त्या साली ते शहर त्याच्यापुरते थांबते. कोणाच्या पुण्यात कोथरूडला संध्याकाळी सहानंतर कोल्हे होते, कोणाच्या पुण्यात सिंहगड रस्त्याने सायकलींच्या रांगा चालल्या होत्या. पण काळाबाबत इतका मतभेद असलेली ही मंडळी एका वाक्याबाबत आश्चर्यकारक रीतीने एकमत होती. सिंहगड रस्त्यावर, विठ्ठलवाडीच्या अलीकडे, नदीच्या बाजूला असलेल्या एका सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या मनात भरला आहे, असे मी म्हटले की समोरचा माणूस विचारही न करता सांगे, “घ्या, घ्या. वस्ती चांगली आहे.”

या तीन शब्दांची मी उलटतपासणी केली नसती तर माझ्या चौतीस वर्षांच्या सेवेला अर्थ राहिला नसता. पहिल्या गृहस्थांना विचारले, चांगली म्हणजे कशी? ते म्हणाले, “म्हणजे सगळी आपली माणसं.” आपली म्हणजे कोणाची, असे पुन्हा विचारल्यावर त्यांनी मोदकाच्या ताटाकडे लक्ष वळवले. दुसरे गृहस्थ म्हणाले, शांत आहे, सुशिक्षित लोक आहेत. आणि त्यांच्या मेव्हणीचा तिथलाच फ्लॅट विक्रीला आहे, ही माहिती सौभाग्यवतीने नंतर स्वयंपाकघराच्या मार्गाने मिळवली. तिसऱ्या गृहस्थांनी ती वस्ती पाहिलीच नव्हती. पुण्याच्या एजंटाने तर फोनवर कमालच केली. तो म्हणाला, “काका, काळजीच करू नका, सगळे फॅमिलीवाले आहेत.” फॅमिलीवाचून जन्मलेला मनुष्य माझ्या पाहण्यात आजवर आलेला नसल्यामुळे मी खुलासा मागितला, तेव्हा त्याने आवाज खाली आणून काही आडनावांचे, काही धर्मांचे आणि मासळीच्या वासाचे असे एक मिश्र वर्गीकरण मला ऐकवले, जे मी येथे देत नाही, कारण ते वाचून वाचकाला एजंटाविषयी जेवढे समजेल तेवढेच आपल्या नातेवाइकांविषयीही समजेल. सुरक्षितता या शब्दाखाली आपल्या समाजात बहुतेक ठिकाणी हाच माल खपतो. भिंतीपलीकडे आपल्यासारखाच माणूस असला की कडी नीट लागली आहे की नाही हे पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. कलकत्त्यात भवानीपुरात आमच्या जिन्याला मासळीचा वास सकाळ-संध्याकाळ येत असे. आणि त्या जिन्यातल्या लोकांनी माझ्या सौभाग्यवतीच्या दोन शस्त्रक्रियांच्या वेळी रात्री जागून काढल्या होत्या. असो. वहीत मी ‘पुरावा अग्राह्य’ असे लिहिले.

मग मी थेट सरकारदरबारी चौकशी करण्याचे ठरवले आणि संबंधित पोलीस ठाण्यात दूरध्वनी केला. ठाणे अंमलदाराने अत्यंत सौजन्याने विचारले, “बोला, तक्रार काय आहे?”

“तक्रार नाही.”

“मग?”

“आपल्या हद्दीत तक्रारी साधारणतः किती येतात, एवढंच जाणून घ्यायचं होतं.”

“तुम्ही कुठून बोलताय?”

“कलकत्त्याहून.”

क्षणभर शांतता झाली. मग तो भला माणूस हळुवारपणे म्हणाला, “काका, तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का? कोणाला ओटीपी दिलात का?”

त्याचे समाधान करता करता माझे दहा मिनिटांचे बिल झाले. शेवटी आकड्यांच्या ग्रंथांकडे वळलो. आपल्या देशात गुन्ह्यांची वार्षिक जंत्री १९५३ पासून प्रसिद्ध होते, आणि तिची गंमत अशी की आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले असे समजू नका, कदाचित नोंदणी वाढली असेल, ही ताकीद ती जंत्रीच आपल्या वाचकाला देते. हे मला नवीन नव्हते. ज्या कचेरीवर आमचे आक्षेप सर्वांत कमी निघत, तिथले हिशेब सर्वांत शुद्ध असत असे मुळीच नाही. बहुधा तिथली दप्तरे आम्हांला दाखवलेलीच नसत. जिथे मोलकरणीची सायकल चोरीला गेली तरी तिची फिर्याद लिहून घेतली जाते ते ठाणे आकड्यांत बदनाम होणार, आणि जिथे “सोडा हो, जाऊ द्या” म्हणून लोकांना दारातूनच परत पाठवतात ते ठाणे रामराज्य ठरणार.

याच सुमारास आमच्या भाच्याने मला संगणकाच्या पडद्यावर रस्त्यांतून हिंडण्याची विद्या शिकवली. २०२२ साली ही सोय आपल्या देशातल्या ज्या दहा शहरांत प्रथम सुरू झाली त्यांत पुणे होते, आणि पुण्याच्या बरोबरीने नाशिक आणि अहमदनगरही होते, ही गोष्ट मला विशेष अभिमानाची वाटली, कारण दहापैकी एक कलकत्ता नव्हते. मी रोज रात्री जेवणानंतर बोटाच्या टोकाने विठ्ठलवाडीच्या परिसरात फेरफटका मारू लागलो. त्या जगात अखंड दुपार असते. एक पिवळसर कुत्रे सोसायटीच्या फाटकाशी झोपलेले होते, ते आठ दिवसांत एकदाही उठले नाही. स्कूटरवरचा एक मुखहीन गृहस्थ महिनाभर त्याच वळणावर वळत होता. आणि एका दुकानाच्या फळीवर फाटक्या पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर कधीही कोमेजली नाही. अशा शाश्वत आणि निर्भय दुपारच्या आधारे रात्री बाराचा निष्कर्ष काढणे हे तर्कशास्त्रदृष्ट्या सदोष आहे, हे मला कळत होते. पण पाहिलेली गोष्ट मनात घर करते. सोसायटीच्या जिन्याच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा एक विटांचा कठडा बांधलेला मला त्या चित्रात दिसला. तो ओलांडण्यासाठी अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन पायऱ्या केल्या होत्या. त्या पिवळ्या कुत्र्याने जिन्यात येऊ नये म्हणून सोसायटीने केलेली ही योजना पाहून मला त्या लोकांच्या व्यवस्थितपणाचे कौतुक वाटले, आणि ‘नागरिक दक्ष’ असा शेरा मी वहीत अनुकूल बाजूला नोंदवला.

पुण्यातल्या मेहुण्यांनी पाठवलेली चित्रफीत अकरा मिनिटांची होती. त्यांपैकी चार मिनिटे त्यांच्या उजव्या पायातली चप्पल दिसत होती, कारण चालताना यंत्र बंद करायचे असते हे त्यांना ठाऊक नव्हते. उरलेली सात मिनिटे सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातला ओटा, मोरी, आणि पिंपाला जागा कुठे, एवढेच थांबवून थांबवून पाहिले. मी मात्र इमारतीचे ‘तळटीप’ म्हणता येतील असे बारकावे टिपत होतो. पार्किंगमध्ये विजेचे सगळे मीटर एका लोखंडी पेटीत, माणसाच्या डोक्याच्याही वर, जवळजवळ छताला टेकवून बसवलेले होते. वाचायला येणाऱ्या माणसासाठी बाजूला एक शिडी टेकवून ठेवली होती. मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून केवढी ही खबरदारी! आणखी एक अनुकूल शेरा.

खरी उपयुक्त जबानी मला एकाच व्यक्तीने दिली, आणि ती माझ्या मावशीच्या नातीने. ही मुलगी एका रुग्णालयात परिचारिका असून आठवड्यातून चार दिवस तिला रात्री साडेअकराला त्याच रस्त्याने यावे लागते. तिने मला ‘वस्ती चांगली आहे’ असे सांगितले नाही. ती म्हणाली, “मामा, मुख्य रस्त्यापासून आत येणाऱ्या दोन गल्ल्या आहेत. पहिल्या गल्लीत पाणीपुरीवाला दहाला गाडी उचलतो, त्यामुळे दहापर्यंत ती गल्ली चालते. नंतर मी दुसरीनं येते, कारण तिथे मेडिकल उघडं असतं आणि त्याच्यासमोर रिक्षावाले गप्पा मारत बसतात. पण रविवारी मेडिकल बंद. रविवारी बाबा न्यायला येतात.” दिव्याचा खांब किती अंतरावर, कुठल्या बंगल्याची कुत्री कोणत्या वेळी मोकळी सुटतात, कोणत्या वळणावर मोबाइल कानाला लावून चालायचे आणि कोणत्या वळणावर खिशात ठेवायचा, हे सगळे तिने श्वास न घेता सांगितले. पोलिसांची जंत्री, बिल्डरची पुस्तिका आणि महाराष्ट्र निवासातली पंधरा माणसे एका बाजूला, आणि पाणीपुरीवाला गाडी किती वाजता उचलतो हे ठाऊक असलेली एक मुलगी एका बाजूला. मी उजव्या रकान्यात प्रथमच ‘ग्राह्य’ असे लिहिले. मात्र तिला मी चोरट्यांविषयी विचारले होते आणि तिने माणसांविषयी उत्तर दिले होते, एवढी एक गोष्ट माझ्या ध्यानात तेव्हा आली नाही.

किमतीचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात हास्यास्पद मीच ठरतो. घराला एक किंमत असते असे ज्यांना वाटते त्यांनी ते घेतलेले नसते. सरकारी तक्त्यातली, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात ती एक. विकणारा तोंडाने सांगतो ती दुसरी. त्याची बायको मनात धरून बसलेली असते ती तिसरी. आणि पुढे मेट्रो येणार, पूल येणार, अमुक येणार या भविष्यकाळावर एजंट जी उभारतो ती चौथी. मी या चारींना बाजूला सारून नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन शोधले आणि त्याच इमारतीत पूर्वी झालेल्या व्यवहारांचे आकडे काढले. २०२४ च्या दिवाळीनंतर तिथले दोन फ्लॅट आधीच्या भावापेक्षा बऱ्याच कमी रकमेला गेलेले आढळले. बाजाराच्या अशा खोलगट क्षणी आपण उडी घेत आहोत, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही, आनंदाने. पुढे तिसऱ्या दिवशी वकिलांचा तीस वर्षांचा शोध अहवाल आला. मालकी निर्वेध, बोजा नाही, सोसायटीचे अभिहस्तांतरण झालेले, भोगवटा पत्र आहे, कर भरलेला आहे. मुद्रांक शुल्कात स्त्री खरेदीदाराला एक टक्का सूट मिळते असे त्यांनी सुचवले, तेव्हा मी हिशेबतपासनिसाच्या स्वाभाविक प्रेरणेने घर सौभाग्यवतीच्या नावावर घेण्याचे ठरवले. एका टक्क्यासाठी आपण स्वतःच्या घरात कायमचे पाहुणे झालो, हे समजायला मला अजून दोन महिने लागायचे होते.

साठेखतासाठी आम्ही आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्यास आलो आणि नारायण पेठेत मावशीकडे उतरलो. मावशी आता पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. कानांनी कमी ऐकतात, पण ज्याला उत्तर द्यायचे ते सगळे त्यांना ऐकू येते. दुपारी चहाच्या वेळी मी लाल वही काढून त्यांच्यापुढे माझा सगळा तपास मांडला. आपली माणसे कशी अग्राह्य ठरली, ठाणे अंमलदार काय म्हणाला, नातीची साक्ष कशी मोलाची, भाव कसा खोलगट. मावशी सुपारी कातरत ऐकत होत्या.

“नदी किती लांब?” त्यांनी विचारले.

“नदी? नदी मागे आहे. बाल्कनीतून दिसते. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत,” मी म्हटले.

“आणि लाइटचा मीटर कुठे बसवलाय?”

मीटरविषयी मला माहिती होती, याचा मला अभिमान वाटला. मी उठून उभा राहिलो आणि हात वर करून, टाचा उंचावून, पेटी कुठे आहे ते दाखवले.

“इतका वर?” मावशींचा अडकित्ता थांबला. “का रे?”

मी तसाच हात वर करून उभा होतो. मुले, असे मी म्हणणार होतो. मग मला तो गुडघाभर कठडा आठवला, अलीकडची पायरी आणि पलीकडची पायरी. मग दिवाळीनंतर गेलेले दोन फ्लॅट आठवले. आणि सर्वांत शेवटी, कपाळावर चष्मा चढवलेले डाक्तारबाबू आठवले.

बारा जुलै १९६१, बुधवार. पानशेतचे धरण सकाळी फुटले आणि दुपारपर्यंत त्या पाण्याने खडकवासलाही फोडला, हे पुण्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही, आणि तरी मला ते सांगावे लागले, कारण मी दहा महिने पुण्याचा अभ्यास करीत होतो. मावशी तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, नव्यानेच लग्न होऊन या वाड्यात आलेल्या. त्यांनी मला उठवून जिन्याशी नेले. “हे इथवर,” त्यांनी सातव्या पायरीवर काठी ठेवली. “तांदळाची कोठी वाहून गेली ती दिसलीसुद्धा नाही. सासऱ्यांनी देव तेवढे पंचात बांधून घेतले आणि आम्ही पर्वतीकडे पळालो.” त्या पुरात घरे गेलेल्यांच्या गोखलेनगर आणि लोकमान्यनगर या वसाहती मी लहानपणापासून नावाने ओळखत होतो, त्या वसल्या कशासाठी हा प्रश्न मात्र कधी डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच सोसायटीत गेलो. फाटकाशी ते पिवळसर कुत्रे नव्हते. वॉचमन लातूरकडचा, साठीचा, खुर्चीत बसून भाकरीची फडकी सोडत होता. मी आधी त्याला चोऱ्यांविषयी विचारले. “चोर? न्हाई हो काका. आठ वर्सं झाली, एक न्हाई.” मग मी पाण्याविषयी विचारले. त्याने भाकरी फडक्यावर ठेवली, उभा राहिला आणि हाताचा पंजा आडवा करून स्वतःच्या छातीशी, खिशाच्या जरा वर टेकवला. “हितवर.” तो दिवस म्हणजे २५ जुलै २०२४. पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढला, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले, तसेच इथेही शिरले. पार्किंगमधल्या एकोणीस गाड्या तरंगून एकमेकींवर चढल्या, आणि तळमजल्यावरच्या आजींना होडीतून काढले. “त्या दिसात पन चोर आला न्हाई,” त्याने प्रामाणिकपणे जोड दिली.

कोणीही माझ्याशी खोटे बोलले नव्हते. विकणाऱ्याने, शेजाऱ्याने, एजंटाने, नातीने, सर्वांनी मी जे विचारले त्याचे खरे उत्तर दिले होते. मी घराच्या दाराला कुलूप लावून बसलो होतो आणि नदी जिन्याने वर येत होती. वकिलांना फोन करून जरा रागानेच विचारले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, मी तीस वर्षांची मालकी तपासली. बोजा कोणाचाच नाही.” हे अक्षरशः खरे होते. मुठेने आपला बोजा कधी कोणाच्या इतर हक्कांत नोंदवलेला नाही. तिला गरज पडत नाही. नंतर महापालिकेतून मिळवलेल्या झोन दाखल्यात आणि विकास आराखड्याच्या नकाशात मात्र दोन रेघा स्पष्ट दिसल्या. एक निळी, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. दुसरी लाल, म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेघेच्या आत बांधकामाला मनाई, आणि दोन्हींच्या मध्ये बंधनांसह परवानगी. आमची सोसायटी त्या मधल्या पट्ट्यात होती. शंभर वर्षांचा हिशेब मांडायला कोणाला सवड असते? पंचवीस वर्षांचा हप्ता फेडताना शंभर वर्षांच्या पाण्याची चिंता करणारा माणूस आमच्या तपासणी खात्यात सुद्धा सापडला नसता.

मेहुणे अजूनही म्हणतात की मी घाई केली, आता पाणी सोडण्याआधी सूचना देतात. सूचना देतात हे खरे आहे. पण पहाटे चार वाजता मोबाइलवर आलेली सूचना आणि पहाटे चार वाजता पार्किंगमध्ये आलेले पाणी यांत कोण आधी पोचते, हे पाहण्याची उत्सुकता मला पासष्टाव्या वर्षी उरलेली नव्हती. विसार दिलेला नव्हता, त्यामुळे कोणाचेही मन न दुखवता व्यवहार मोडला.

आम्ही धायरीच्या चढावर घर घेतले. तिसरा मजला, निळी नाही, लाल नाही, दोन्ही रेघांपासून इतके वर की नकाशाची घडी उलगडावी लागते. मीटर कमरेइतक्या उंचीवर आहेत, जिन्याला कठडा नाही, आणि संध्याकाळी सिंहगड दिसतो. मालक सौभाग्यवती आहेत. रात्री मुख्य रस्त्यापासून आत येताना एक सोडावॉटरची गाडी साडेअकरापर्यंत उभी असते, हे मी स्वतः तीन रात्री उभा राहून तपासले आहे. शेजारी कोण राहतात याची चौकशी मी केली नाही. जिन्यात मासळीचा वास येतो आणि सौभाग्यवतीला तो आवडू लागला आहे असे तिने गेल्याच आठवड्यात कबूल केले.

फक्त एका गोष्टीची नोंद मी लाल वहीत करायला विसरलो होतो. इतक्या वर महापालिकेचे पाणी पुरेसे चढत नाही. त्यामुळे सोसायटीत मंगळवारी आणि शुक्रवारी टँकर येतो, आणि तो फाटकातून आत घेताना ड्रायव्हर, वॉचमन आणि तळमजल्यावरचे निवृत्त प्राचार्य यांच्यात जो संवाद होतो, त्यात पहाटे साडेपाचपासून कोणालाही झोप लागत नाही. डाक्तारबाबूंनी नव्या घराच्या शुभेच्छा देऊन पुन्हा तेच विचारले होते, “जोल जोमे?” मी त्यांना कळवले की नाही, साचत नाही. त्यांनी उलट लिहिले, फार उत्तम झाले.

टँकरचे दहा हजार लिटर पाणी आम्ही चोवीस बिऱ्हाडे सारखे वाटून घेतो, आणि आमच्या वाट्याचा हिशेब मी ठेवतो.